लहान मुलांच्या डोळ्यांच्या तक्रारी: दवाखान्यात काय पाहावे आणि केव्हा पुढे पाठवावे?

सेक्टरातला डॉक्टर (कोपरखैरणे)

नमस्कार. कोपरखैरण्यात माझा जनरल प्रॅक्टिसचा दवाखाना आहे. माथाडी वसाहत, तुर्भ्याच्या एमआयडीसीत कामाला जाणारी कुटुंबे आणि आसपासच्या सेक्टरांतील नोकरदार मंडळी असा माझा रुग्णवर्ग आहे. मोठ्यांच्या रक्तदाब-मधुमेहाबाबत फारशी अडचण येत नाही. परंतु लहान मुलाला डोळ्याच्या तक्रारीसाठी आणले की मनात शंका उभी राहते. एमबीबीएसच्या काळात नेत्रविभागात काढलेले दिवस बहुतांशी वृद्धांच्या मोतीबिंदूत गेले आणि दोन महिन्यांच्या बाळाच्या डोळ्यांत नेमके काय पाहायचे, हे कोणी हाताला धरून शिकवले नाही.

नेहमी येणाऱ्या तक्रारी अशा: बाळाचा एक डोळा सतत पाणावतो आणि सकाळी चिपडांनी चिकटतो, आजीला नातवाचा डोळा तिरळा वाटतो, आईला तसे वाटत नाही, एप्रिल उजाडला की शाळकरी मुलगे डोळे चोळत येतात, आणि मुलगी फळ्यावरचे उतरवून घेताना शेजारणीच्या वहीत पाहते, असा बाईंचा निरोप येतो. या सर्वांना नेत्रतज्ज्ञांकडे पाठवणे सर्वांत सुरक्षित, हे मला कळते. पण सरसकट पाठवल्याचा परिणाम असा होतो की पालक एकदा जातात, तिथे ‘काही नाही, थेंब घाला’ एवढेच ऐकतात, त्यांचा दिवसाचा रोज बुडतो आणि पुढच्या वेळी खरोखर गरज असताना माझी चिठ्ठी पाकिटातच राहते.

माझ्याकडे टॉर्च, कॉलेजच्या दिवसांतला डायरेक्ट ऑफ्थॅल्मोस्कोप (डोळ्याच्या आत पाहण्याचे दिव्याचे उपकरण) आणि दृष्टी तपासण्याचा एक तक्ता एवढेच साहित्य आहे. दवाखान्याचा गाळा लांबीला जेमतेम साडेतीन मीटर भरेल. एवढ्यावर कोणती तपासणी विश्वासाने करता येईल, कोणते उपचार मी स्वतः करावेत आणि कोणत्या मुलाला त्याच दिवशी पाठवावे, हे अनुभवी मंडळींनी सांगावे अशी विनंती आहे.

नेत्रवैद्य (नौपाडा, ठाणे)

डॉक्टर, माझ्या व्यवसायाचा बराचसा भाग लहान मुलांचा असल्याने थोडे सविस्तर लिहिते. आपल्याकडून आम्हाला नेमक्या निदानाची अपेक्षा नसते. मूल आज, या आठवड्यात की पुढच्या महिन्यात आमच्यासमोर यायला हवे, एवढे आपण ठरवून पाठवलेत तरी पुरे. मुलांच्या बाबतीत ही मुदतच महत्त्वाची असते, कारण पाहण्याचे काम मेंदू पहिल्या सात-आठ वर्षांत शिकतो. त्या काळात एका डोळ्याकडून धूसर किंवा तिरकस प्रतिमा येत राहिली, तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला लागतो. यालाच आपण मंददृष्टी म्हणतो. अशा मुलाचा दुसरा डोळा चांगला असल्यामुळे ते धडपडत नाही, तक्रार करत नाही आणि घरात कोणाच्या लक्षातही येत नाही.

आपल्याकडचा जुना ऑफ्थॅल्मोस्कोप कपाटातून बाहेर काढावा, कारण या संपूर्ण विषयात सर्वांत मोलाची तपासणी त्याच्यावरच होते. दिवे मालवून खोली अंधारी करावी, बाळाला आईच्या मांडीवर बसवावे, उपकरणाची चकती शून्यावर ठेवावी आणि साधारण हातभर अंतरावरून, दोन्ही डोळ्यांवर एकदम प्रकाश पडेल अशा बेताने, भिंगातून बाहुल्यांकडे पाहावे. दोन्ही बाहुल्यांतून परतणारी झळाळी रंगाने आणि तेजाने सारखी असली पाहिजे. पुस्तकात ती लालभडक दाखवलेली असते; आपल्याकडच्या सावळ्या मुलांत ती नारिंगी, तपकिरी किंवा किंचित पिवळसरही दिसते. म्हणून मी शिकाऊ डॉक्टरांना आधी आईच्या डोळ्यात पाहायला सांगते. रंगाचा अंदाज येतो आणि आईची भीतीही थोडी जाते. रडणाऱ्या बाळाच्या पापण्या बोटांनी उघडण्याच्या भानगडीत पडू नये. थोडे पाजून घ्यायला सांगावे, मग ते आपणहून डोळे उघडते.

बाहुलीत पांढरट चमक, काळा डाग किंवा दोन डोळ्यांत ठळक फरक दिसला, तर थेंब देऊन ‘आठवड्याने दाखवा’ असे मुळीच सांगू नये. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना फोन करावा. जन्मजात मोतीबिंदू एका डोळ्यात असेल तर शस्त्रक्रिया साधारण सहाव्या आठवड्याच्या सुमारास आणि दोन्ही डोळ्यांत असेल तर आठव्या आठवड्याच्या सुमारास व्हावी, असा प्रयत्न असतो. सहाव्या महिन्यात आलेल्या बाळाचा मोतीबिंदू आम्ही तितक्याच सफाईने काढतो, पण दृष्टी तितकी मिळत नाही. पांढऱ्या बाहुलीमागचे दुसरे कारण म्हणजे रेटिनोब्लास्टोमा, दृष्टिपटलाचा कर्करोग. तो बहुधा पाच वर्षांच्या आत आढळतो, वेळेत सापडला तर जीव वाचतोच आणि अनेकदा डोळाही वाचतो. त्याच्या उपचारासाठी ठाणे-नवी मुंबईकरांना परळचे टाटा रुग्णालय फार लांब नाही. मोबाइलच्या फ्लॅशने काढलेल्या फोटोत एक बाहुली लाल आणि दुसरी पांढरी दिसते, असे आई सांगत असेल तर तिला हसू नये. कधी कधी ते नुसत्या कोनामुळे होते, परंतु ते ठरवण्यासाठी बाहुली विस्फारून आतून तपासावे लागते.

तिरळेपणाविषयी: पहिल्या तीन-चार महिन्यांत डोळा अधूनमधून सरकला तर वाट पाहता येते. डोळा कायम तिरळा असेल तर वय काहीही असो, आणि चार महिन्यांनंतर अधूनमधून जरी सरकत असेल तरी, पाठवावे. टॉर्च समोर धरली की तिचा ठिपका दोन्ही बुबुळांवर सारख्याच जागी पडतो का, हे पाहावे. नंतर मुलाला एखादे खेळणे पाहायला लावून एक डोळा तळहाताने झाकावा आणि उघडा डोळा जागा बदलतो का, ते पाहावे. नाकाचा पूल रुंद असला आणि डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर कातडीची घडी असली की डोळा तिरळा असल्याचा नुसता भास होतो. ठिपके सारखे, झाकल्यावर हालचाल नाही आणि झळाळीही सारखी, असे असेल तर आपण आजीची समजूत घालू शकता. मात्र तीन-चार महिन्यांनी पुन्हा एकदा पाहावे. रेटिनोब्लास्टोमाची पहिली खूण कित्येकदा तिरळेपणाच असते, म्हणून झळाळी पाहिल्याशिवाय तिरळ्या मुलाला घरी पाठवू नये. ‘मोठा झाला की सरळ होईल’ आणि ‘तिरळा डोळा नशीबवान असतो’ या दोन वाक्यांनी आमच्याकडच्या मुलांचे फार नुकसान केले आहे.

आता उन्हाळ्यात डोळे चोळत येणारे मुलगे. दोन्ही डोळ्यांना खाज, तारेसारखा चिकट स्राव आणि वरची पापणी उलटली तर आत खडबडीत उंचवटे, हे चित्र ॲलर्जीचे. थंड पाण्यात भिजवलेल्या रुमालाच्या घड्या, वंगणाचे थेंब आणि तीन वर्षांपुढील मुलांना ओलोपॅटाडिनसारखे ॲलर्जीविरोधी थेंब आपण निःशंकपणे द्यावेत. डोळे चोळू नयेत हे पालकांना बजावून सांगावे, कारण वर्षानुवर्षे चोळून बुबुळाचा पुढचा भाग शंकूसारखा पातळ होऊ शकतो. स्टिरॉइडचे किंवा स्टिरॉइड मिसळलेल्या प्रतिजैविकाचे थेंब मात्र दवाखान्यातून देऊ नयेत, असे माझे ठाम मत आहे. ते वाईट औषध आहे असे नाही, आम्हीही देतो. पण डोळ्याचा दाब मोजत देतो. त्या थेंबांनी दोन दिवसांत इतका आराम पडतो की पुढच्या उन्हाळ्यात पालक जुनी बाटली दाखवून मेडिकलमधून परस्पर नवी आणतात. पुढे काचबिंदू होतो, तो दुखत नाही, आणि मूल आमच्याकडे येते तेव्हा मज्जातंतूची जी हानी झालेली असते ती भरून येत नाही. शिवाय नागिणीच्या जातीचा विषाणू बुबुळावर असेल तर याच थेंबांनी जखम चिघळते. प्रकाश सहन होत नाही, नजर कमी झाली आहे किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसतो, अशा मुलाला साधे ‘डोळे आले’ समजू नये आणि थेंब न देता पाठवावे.

बालरोगतज्ज्ञ (वाशी)

मॅडमनी वर लिहिलेल्याशी पूर्ण सहमत आहे. पाणावणाऱ्या डोळ्याचा मुद्दा राहिला आहे, तो मी पुरा करतो.

पहिल्या वर्षातील बाळाचा डोळा पाणावतो, चिपडे येतात, पण डोळ्याचा पांढरा भाग पांढराच असतो, तेव्हा बहुधा अश्रुनलिका खालच्या टोकाला उघडलेली नसते. अशी सुमारे ९० टक्के बाळे वर्षाची होईपर्यंत आपोआप बरी होतात. मालिश करायला आपण सर्वच जण सांगतो, पण ती प्रत्यक्ष करून क्वचितच दाखवतो. नखे कापलेले, धुतलेले बोट डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात, नाकाच्या हाडाला टेकवून, थोडे दाबून खालच्या दिशेने ओढायचे. एका वेळी पाच-दहा वेळा, दिवसातून तीन-चारदा. बऱ्याच आया पापणीवरून हलका हात फिरवतात, त्याने काही होत नाही. त्यांचे बोट आपण धरून योग्य जागी टेकवावे. प्रतिजैविकाचे थेंब स्राव पिवळा-हिरवा असेल तेवढेच दिवस पुरेत. वर्ष उलटूनही पाणी थांबले नाही, तर नलिका मोकळी करण्यासाठी पाठवावे. कोपऱ्यात निळसर गाठ असेल किंवा तिथे लाली-सूज आली असेल तर वर्षाची वाट पाहू नये.

पाण्याबरोबर बाळ उजेडाकडे तोंड फिरवत असेल, डोळे घट्ट मिटत असेल आणि बुबुळ मोठे किंवा ढगाळ दिसत असेल, तर तो जन्मजात काचबिंदू असू शकतो. ‘किती टपोरे डोळे आहेत’ असे कौतुक ज्या बाळाचे होते, त्याच्याकडे मी जरा निरखून पाहतो. वर्षाच्या आत बुबुळाचा व्यास १२ मिलिमीटरच्या वर गेला असेल तर मूल दोन-तीन दिवसांच्या आत नेत्रतज्ज्ञांपुढे असायला हवे. त्याचप्रमाणे जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात पापण्या सुजून भरपूर पू येत असेल, तर तो रुग्णालयात दाखल करण्याचा आजार आहे, कारण गोनोकोकस या जिवाणूचा संसर्ग बुबुळाला भोक पाडू शकतो. ‘अंगावरचे दूध घाला, बरे होईल’ या सल्ल्यात तिथे फार वेळ जातो.

आणखी एक गोष्ट जनरल प्रॅक्टिशनरच्या हातात आहे. लसीकरणाला किंवा सर्दीला आलेल्या बाळाची डिस्चार्जची फाइल उलगडून पाहावी. जन्म ३४ आठवड्यांपूर्वी झाला असेल किंवा जन्मवजन २००० ग्रॅमपेक्षा कमी असेल, तर दृष्टिपटलाची तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत झालेली असली पाहिजे. २८ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा १२०० ग्रॅमपेक्षा हलक्या बाळांची तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच. अकाली जन्मलेल्या बाळांच्या दृष्टिपटलाचा हा आजार बाहेरून अजिबात दिसत नाही आणि त्याच्या उपचाराची वेळ काही दिवसांचीच असते. नवजात अतिदक्षता विभागातून सुटी मिळताना हा कागद पालकांना दिलेला असतो, पण तो इतर तीस कागदांत दडलेला असतो. एक तपासणी झाली म्हणजे संपले, असेही नाही. ‘पुन्हा यावे’ म्हणून दिलेली तारीख पाळली का, ते विचारावे.

ऑप्टोमेट्रिस्ट (कळवा)

मी ठाणे परिसरातील शाळांतल्या नेत्रतपासणीच्या कामात असते, म्हणून तक्ता आणि चिठ्ठी या दोनच विषयांवर लिहिते.

साडेतीन मीटरच्या गाळ्यात सहा मीटरचा तक्ता चालणार नाही. तीन मीटरवरून वाचायचा चित्रांचा किंवा ‘ई’चा तक्ता मिळतो, तो घ्यावा. आरसा लावून अंतर दुप्पट करता येते, परंतु आरशात ‘ई’चे डावे-उजवे उलटते आणि गर्दीच्या वेळी तपासणाराच गोंधळतो. दोन्ही डोळे उघडे ठेवून केलेल्या तपासणीला काही अर्थ नाही. मुलाच्या स्वतःच्या तळहाताने डोळा झाकला की ते बोटांच्या फटीतून पाहते, आणि ही मुले यात अतिशय हुशार असतात. गॉजची घडी मायक्रोपोरने डोळ्यावर चिकटवावी. एक डोळा झाकल्यावर मूल शांत वाचते आणि दुसरा झाकल्यावर रडते, मान वाकवते, पट्टी ओढते, एवढ्यावरूनही बरेच कळते. चार वर्षांच्या मुलाला ६/१२ ची (निरोगी डोळा बारा मीटरवरून वाचतो ती सहा मीटरवरून वाचण्याची) आणि पाच वर्षांपुढील मुलाला ६/९ ची ओळ वाचता आली नाही, किंवा दोन डोळ्यांत दोन ओळींचा फरक आढळला, तर नंबर काढायला पाठवावे. हा नंबर बाहुली विस्फारणारे औषध घालून काढायला हवा. चष्म्याच्या दुकानातल्या यंत्रावर लहान मुले जवळ पाहण्याचा जोर लावतात आणि नसलेला किंवा वाढीव उणे नंबर निघतो. गाजर खाऊन नंबर उतरत नाही, हेही आपल्याच तोंडून गेले तर बरे, कारण आमच्यावर चष्मा खपवण्याचा संशय असतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहून झाली, तेव्हा पालघर आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते. त्या कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत एकदा तपासणी करतात. जन्मजात मोतीबिंदू, दृष्टिदोष आणि अकाली जन्मलेल्या बाळांच्या दृष्टिपटलाचा आजार हे सर्व त्यांच्या यादीत आहे. त्यामुळे खर्चाच्या भीतीने थांबलेल्या पालकांना हा मार्ग सांगता येतो. मुले सापडतात, अडते ते पुढे. एका शाळेत आम्ही दिलेले कार्ड वर्षभरानंतर त्याच दप्तरात, त्याच कप्प्यात सापडले होते. मुलीच्या आईला विचारले तर म्हणाली, ‘वाचता येतंय की तिला, मग कशाला?’ तिचे म्हणणे तिच्या परीने बरोबर होते, कारण कार्डावर ‘नेत्रतज्ज्ञांना दाखवावे’ एवढेच लिहिलेले होते. तेव्हापासून मी कारण मराठीत लिहिते: ‘डावा डोळा कमी पाहतो. चष्मा व पट्टीने सुधारू शकतो. उशीर केल्यास पुढे सुधारणार नाही.’ आणि खाली तारीख.

सेक्टरातला डॉक्टर (कोपरखैरणे)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दोन उपप्रश्न विचारतो. मंददृष्टीसाठी चांगल्या डोळ्यावर पट्टी लावायला सांगितलेली मुले आठवड्यात पुन्हा माझ्याकडेच येतात, ‘मूल काढून टाकते, आता काय?’ म्हणून. तिथे माझी भूमिका काय असावी? दुसरे म्हणजे, आमच्या भागात तंबाखूच्या चुन्याची पुडी फोडताना डोळ्यात चुना उडालेली मुले येतात. अशा वेळी ताबडतोब रिक्षात घालून पाठवावे की आधी काही करावे?

नेत्रवैद्य (नौपाडा, ठाणे)

पट्टीबाबत आपला शब्द आमच्यापेक्षा जास्त चालतो, कारण घर आपल्याला ओळखते. आधी चष्मा पूर्णवेळ लावला जातो का, ते पाहावे; काही मुलांची दृष्टी पहिल्या काही महिन्यांत नुसत्या चष्म्यानेही बरीच सुधारते. मध्यम प्रमाणातील मंददृष्टीला बहुधा दिवसाला दोन तासांची पट्टी पुरते, हे पालकांना नीट सांगितले की दडपण उतरते. हे दोन तास शाळेत घालवू नयेत. घरी, आवडीचे चित्र रंगवताना किंवा कार्टून पाहताना लावावी. पट्टी त्वचेला चिकटवावी, चष्म्याच्या काचेला लावलेल्या कापडावरून मूल सहज डोकावते. तरीही जमत नसेल तर चांगल्या डोळ्यात ॲट्रोपिनचे (त्याची नजर काही काळ धूसर करणारे) थेंब घालण्याचा पर्याय आहे, तेव्हा पट्टी सोडून देण्याऐवजी आम्हाला कळवायला सांगावे. आणि तपासणीची तारीख चुकू देऊ नये, कारण झाकलेल्या चांगल्या डोळ्यावरही लक्ष ठेवावे लागते.

चुन्याच्या बाबतीत उलटे करावे: आधी धुवावे, मग पाठवावे. चुना अल्कली, म्हणजे तीव्र क्षार, असल्याने तो आत आत मुरत जातो आणि वाशीच्या सिग्नलवर गेलेली दहा मिनिटे डोळ्याला महागात पडतात. भूल देणारे थेंब असतील तर घालावेत, मुलाला चादरीत गुंडाळून आडवे करावे आणि सलाइनच्या बाटलीला नळी लावून धार सोडावी. सलाइन नसेल तर नळाचे स्वच्छ पाणी चालेल. शोधाशोधीत वेळ घालवू नये. निदान अर्धा तास धुवावे, मध्येच वरची पापणी उलटून ओल्या कापसाच्या काडीने चुन्याचे कण काढावेत, नाहीतर ते तिथे बसून काम करत राहतात. दिवाळीत फटाका किंवा धनुष्यबाण लागून बुबुळ फाटल्याची शंका असेल, बाहुली वेडीवाकडी दिसत असेल, तर मात्र धुवायचे नाही, थेंब-मलम घालायचे नाही, दाबून पट्टी बांधायची नाही. कागदी कपाचा तळ कापून तो डोळ्याभोवतीच्या हाडावर टेकेल असा चिकटवावा, तोंडाने काही देऊ नये आणि भूल देऊन शस्त्रक्रिया होईल अशा रुग्णालयात लगेच पाठवावे. तापाबरोबर पापणी सुजली असेल आणि डोळा पुढे आला असेल, हलवताना दुखत असेल किंवा नजर मंदावली असेल, तर तेही त्याच रात्रीचे काम आहे. संसर्ग खोबणीत उतरलेला असतो आणि तोंडाने घ्यायच्या प्रतिजैविकावर विसंबता येत नाही.

चुन्याच्या रुग्णाच्या चिठ्ठीवर धुणे किती वाजता सुरू केले आणि किती वेळ चालले, हे अवश्य लिहावे. पुढे गेल्यावर आम्ही पहिला प्रश्न तोच विचारतो.